फोन स्टुटगार्टला, ओटीपी रनाळ्यात

समजा, सकाळचे दहा वाजले आहेत. रनाळ्यातले एक आबा पीएम-किसानची ई-केवायसी करायला सेवा केंद्रात बसले आहेत. समोरचा पोरगा आधार क्रमांक टाकतो आणि म्हणतो, "आबा, ओटीपी सांगा." आबा खिसा चाचपतात. ओटीपी त्यांच्या फोनवर आलेलाच नाही, कारण आधारला जोडलेला नंबर मुलाचा आहे. मुलगा जर्मनीतल्या स्टुटगार्टला, तिथे हिवाळ्यात त्या घटकेला पहाटेचे साडेपाच. रात्रपाळी करून तो नुकताच झोपलेला. तो उठून फोन बघेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. आबा परत जातात, दुसऱ्या दिवशी परत येतात.

परदेशी जाणारा माणूस लॅपटॉपचा प्लग, चार्जरचे व्होल्टेज, फोनचे नेटवर्क यांची काळजी करतो. ती करायलाच हवी, आणि पुढे ती सगळी केली आहे. पण तो खर्च शेकड्यांत भागतो. हजारांत जातो तो गावाकडच्या नंबरचा खर्च, आणि तो निघण्याआधी केला नाही तर पैशांऐवजी आई-वडिलांच्या चकरांमध्ये मोजावा लागतो. म्हणून हा हिशेब प्लगपासून सुरू न करता नंबरपासून सुरू करू.

हा विषय आपल्या नंदुरबार जिल्ह्याला परका नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यानंतर बँक, गॅस, रेशन, शेतकऱ्याचे अनुदान असे एकेक करून सगळे त्या बारा आकड्यांना आणि बारा आकडे एका मोबाईल नंबरला बांधले गेले. बहुतेक घरांत तो नंबर शिकलेल्या मुलाचा दिला गेला, कारण तेव्हा घरात चालू फोन त्याचाच होता. आता तोच मुलगा निघाला आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा कामांसाठी जर्मन शिकण्याची चर्चा पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. दुबई आणि सौदी होतेच.

पहिला खर्च : घरच्यांचा नंबर वेगळा करणे

निघायच्या दोन महिने आधी एक कागद घ्या आणि तुमचा नंबर घरात कुठे कुठे दिला आहे ते लिहून काढा. आबांचे आधार, मायचे आधार, दोघांची बँक खाती, पीएम-किसान, फार्मर आयडी, महाडीबीटी, लाडकी बहीणची ई-केवायसी, गॅसची नोंदणी (सिलिंडर देताना विचारतात तो कोडही याच नंबरवर येतो), महावितरणचे वीजबिल, पीकविमा. यादी दहाच्या आत क्वचितच संपते.

उपाय एकच : आबांच्या किंवा मायच्या स्वतःच्या नावावर एक सिम घ्या आणि ही यादी त्या नंबरावर वळवा. सिम त्यांच्याच नावाचे असावे, तुमच्या नावाचे नको. सिम हरवले किंवा बिघडले तर नवे मिळण्यासाठी ज्याच्या नावावर आहे त्यालाच दुकानात उभे राहावे लागते. तुम्ही स्टुटगार्टला असताना तुमच्या नावाचे सिम रनाळ्यात बंद पडले तर ते सुरू करायला कुणी नाही.

खर्च असा :

आधारमधला मोबाईल नंबर बदलण्याचे शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. दोघांचे १५० रुपये. एकच नंबर दोघांच्या आधारला जोडता येतो. नोंद बदलायला काही दिवस लागतात, कधी महिनाही, म्हणून निघायच्या आठवड्यात हे काम काढू नका. केंद्रावरची पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकाने काम कुठवर आले ते बघता येते.

बँकेतला नंबर शाखेत अर्ज देऊन बदलतो. त्याला पैसे लागत नाहीत, पण खातेदाराने स्वतः जावे लागते. बाजाराच्या दिवशी बँकेत पाय ठेवायला जागा नसते, तो दिवस टाळा.

ओटीपीसाठी महागडा फोन लागत नाही. बटणांच्या फोनवरही एसएमएस येतो. साधा ४जी बटणफोन साधारण दीड हजारांत मिळतो, त्याची अक्षरे मोठी असतात आणि चार्जिंग दोन-तीन दिवस टिकते. व्हिडिओ कॉलसाठी घरात स्मार्टफोन असला तरी ओटीपीचा फोन वेगळा ठेवला तर नातवंडांच्या खेळात तो हरवत नाही.

आणि आबांना एक गोष्ट दहा वेळा सांगा : सेवा केंद्रात समोर बसून, आपण स्वतः सुरू केलेल्या कामासाठी आलेला ओटीपी सांगायचा. फोनवरून कुणी मागितला, तो बँकेचा म्हणाला, सरकारचा म्हणाला किंवा "मुलगा अडचणीत आहे" म्हणाला तरी सांगायचा नाही. मुलगा परदेशात आहे हे कळले की फसवणाऱ्यांना नवे निमित्त मिळते.

दुसरा खर्च : तुमचा भारतीय नंबर जिवंत ठेवणे

तुमचे स्वतःचे आधार, पॅन, आयकर, बँक आणि पदवीची कागदपत्रे असलेले डिजिलॉकर या सगळ्यांची किल्ली तुमचा भारतीय नंबर. तो बंद पडला तर काय होते? सलग ९० दिवस नंबरचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. प्रीपेड खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर तसा बंद करता येत नाही असा दूरसंचार नियामक ट्रायचा नियम आहे, पण नुसत्या शिल्लकेवर विसंबू नका. पॅक संपला की येणारे एसएमएसही थांबू शकतात, आणि एसएमएस थांबला म्हणजे ओटीपी थांबला. पुढे बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवून नव्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे तुमच्या बँकेचे निरोप एक दिवस अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतात.

पूर्वी नंबर टिकवायला डेटासकटचा महागडा पॅक घ्यावा लागे. डेटा न वापरणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्या, असे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. जानेवारी २०२५ मध्ये जिओने १,७४८ रुपयांत ३३६ दिवसांचा आणि एअरटेलने १,८४९ रुपयांत ३६५ दिवसांचा पॅक आणला. दर बदलत राहतात, म्हणून रिचार्जच्या दिवशी ॲपमध्ये बघा. पण शोधायचे ते हेच : वर्षभराचा, बिनडेटाचा पॅक. महिन्याला दीडशेच्या थोडे वर पडतात.

चार गोष्टी भारत सोडण्याआधी करा :

एक, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. तिकडे पोचल्यावर ते सुरू करायला बहुधा पुन्हा ओटीपी लागतो आणि तो रोमिंगशिवाय येत नाही. गाठ तिथेच बसते. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, उचललेल्या कॉलला मात्र पडतात. म्हणून भारतीय सिमवर फोन वाजला तर कट करा आणि व्हॉट्सॲपवरून लावा.

दोन, पोस्टपेड असाल तर प्रीपेड करून घ्या. प्रीपेडमध्ये खिशातले तेवढेच जातात. पोस्टपेडवर फोनने मध्यरात्री स्वतःहून फोटोंचा बॅकअप भारतीय सिमवरून घेतला तर बिल पगाराशी स्पर्धा करते. प्रीपेड असो वा पोस्टपेड, भारतीय सिमचा डेटा आणि डेटा रोमिंग दोन्ही बंदच ठेवा.

तीन, प्रत्यक्ष सिम की ई-सिम हे आताच ठरवा. प्रत्यक्ष सिमचा फायदा असा की फोन फुटला तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकता येते. ई-सिम परदेशातून दुसऱ्या फोनवर नेताना अडचणी येतात. पण अमेरिकेत जाऊन आयफोन घ्यायचा विचार असेल तर उलटे करा : २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची फटच नसते. तिथे तुमचे भारतीय सिम हातात राहील आणि घालायला जागा नसेल. एक जुना दुहेरी सिमचा फोन सोबत नेला तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

चार, सिम बदलले किंवा ई-सिम केले की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद असतात. ही सुरक्षेसाठीची तरतूद आहे. त्यामुळे विमानाच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढाल तर विमानतळावर बँकेचा ओटीपी येणार नाही.

बँकेचेही एक काम आहे. नोकरीला किंवा शिकायला परदेशी गेलेल्याचे साधे बचत खाते कायद्याने एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या, खात्यात बदलावे लागते. अनेक जण वर्षानुवर्षे ते करत नाहीत. ते करताना परदेशी नंबर नोंदवता येतो का विचारा. एनआरई किंवा एनआरओ खात्यावर परदेशी नंबरने यूपीआय वापरायला राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांसाठी परवानगी दिली : सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन. आखातातल्या माणसाची त्यामुळे सोय झाली. त्या यादीत जर्मनी नव्हता, म्हणून तिकडे जाणाऱ्याने भारतीय सिमवरच भिस्त ठेवलेली बरी.

तिसरा खर्च : लॅपटॉप आणि चार्जर

इथे घाबरण्यासारखे फार कमी आहे. चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत छापलेली ओळ वाचा. "इनपुट" शब्दापुढे १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ लिहिले असेल तर तो जगात कुठेही चालतो. आजचे जवळजवळ सगळे लॅपटॉप, मोबाईल, टॅबलेट, कॅमेरे यांचे चार्जर असेच असतात. दुकानदार "तिकडे व्होल्टेज वेगळे असते, कन्व्हर्टर घ्या" म्हणाला तर ही ओळ त्याला दाखवा. दोन-तीन हजार तिथेच वाचले.

लेबलवर फक्त २२०-२४० असेल तर ती वस्तू ११०-१२० व्होल्टच्या देशात चालणार नाही. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दुबई इथेही साधारण तेच. सौदीत २३० व्होल्ट पण ६० हर्ट्झ. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये तर १०० व्होल्ट. म्हणजे खरा फरक पडतो तो अमेरिका, कॅनडा आणि जपानला जाणाऱ्याला.

उरतो प्लग. आपल्याकडच्या तीन जाड गोल पिना परदेशात जवळजवळ कुठेच जात नाहीत. देशागणिक चित्र असे :

जर्मनी आणि युरोपचा मोठा भाग : दोन गोल पिना, खोलगट सॉकेट. आपल्या मोबाईल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना तिथे थेट बसतात. लॅपटॉपची तीन पिनांची वायर बसत नाही.

ब्रिटन, अमिराती, सौदी, कतार, सिंगापूर : तीन आडव्या-उभ्या चौकोनी पिना, प्लगमध्येच फ्यूज. वरच्या भोकात पेनचे टोक घालून झडप उघडायची आणि खाली आपला दोन पिनांचा चार्जर कोंबायचा, ही करामत आखातातल्या खोल्यांमध्ये सर्रास चालते. ती करू नका. वरचे भोक अर्थिंगचे आहे, झडप जीव वाचवायला ठेवलेली आहे, आणि असा कोंबलेला प्लग सैल राहून तापतो.

अमेरिका आणि कॅनडा : दोन चपट्या पिना, कधी खाली अर्थिंगची तिसरी.

ऑस्ट्रेलिया : तिरक्या चपट्या पिना.

आता पैसे वाचवणारी युक्ती. लॅपटॉपसाठी ॲडाप्टर घेऊ नका, वायर बदला. चार्जरचा ठोकळा आणि भिंत यांच्यामधली वायर निघते. ठोकळ्याकडचे टोक जगभर सारखेच असते : लॅपटॉपला बहुतेक तीन गोलांचे, डेस्कटॉप आणि मॉनिटरला रुंद, तीन पट्ट्यांचे. दुसऱ्या टोकाला त्या देशाचा प्लग असलेली वायर तिथे पाच-दहा युरोला किंवा डॉलरला मिळते, इथून मागवली तर दोनशे ते चारशे रुपयांत. तिच्यात अर्थिंग नीट मिळते आणि लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर होणारी बारीक झिणझिण जाते. स्वस्त ॲडाप्टरमध्ये अर्थिंगची पिन अनेकदा नुसती शोभेची असते.

बाकी छोट्या वस्तूंसाठी चांगले दोन ॲडाप्टर न्या, प्रत्येकी दोनशे-तीनशेचे. किंवा एकच ॲडाप्टर आणि आपल्याकडचा चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड. त्या बोर्डावर फक्त चार्जर लावा. अमेरिकेत तर जास्तच जपा, कारण ६ ॲम्पियरचा बोर्ड आपल्याकडे २३० व्होल्टवर १,३८० वॅट पेलतो, तिथे १२० व्होल्टवर जेमतेम ७२० वॅट. रूम हीटर त्यावर लावला की आग ठरलेली.

जे घरीच ठेवायचे

यूपीएस, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर : आपल्याकडे दाब वर-खाली होतो, दिवसातून चार वेळा वीज जाते, म्हणून ही यंत्रे लागतात. त्यांचे वजनही विटांसारखे. तिकडे त्यांची गरज नाही. ती आबांच्या टीव्हीला लावून जा.

प्रिंटर : लेझर प्रिंटर बहुधा फक्त २२०-२४० व्होल्टचे असतात. शिवाय काही कंपन्या शाईच्या कार्ट्रिजला प्रदेशाची कुलपे घालतात. असा भारतातला प्रिंटर जर्मनीची कार्ट्रिज ओळखत नाही. गावात कुणाला तरी देऊन टाका.

डेस्कटॉप : पेटी आठ-दहा किलोची, मॉनिटर वेगळा, आणि विमानात एका बॅगेला साधारण २३ किलोची मर्यादा. हार्ड डिस्क काढून न्या, पेटी ठेवा. नेलीच तर पाठीमागचा लाल खटका बघा. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा खटका असतो. २३० वर ठेवून अमेरिकेत लावला तर संगणक नुसता सुरू होत नाही. पण ११५ वर करून वापरला आणि सुट्टीत तसाच रनाळ्यात आणून लावला तर एकच फट् असा आवाज येतो आणि धूर निघतो.

वायफाय राउटर : ब्रॉडबँड कंपनीने दिलेला राउटर तुमचा नसतो, तो परत करून पावती घ्या, नाहीतर अनामत अडकते. तिकडच्या कंपनीचे यंत्र वेगळे असते. अमेरिकेत केबल कंपन्या मोडेमचे महिन्याला दहा-पंधरा डॉलर भाडे लावतात. दोन वर्षे राहणार असाल तर स्वतःचा विकत घेणे स्वस्त. अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप घरच्या राउटरचे वायफाय दाखवत नसेल तर एक कारण लक्षात ठेवा : आपल्याकडे वायफायचे चॅनेल १ ते १३, अमेरिकी उपकरणे बहुधा ११ पर्यंतच बघतात. राउटरचे चॅनेल ६ वर आणा, काम होते.

मिक्सर हा संगणक नव्हे, पण प्रत्येक बॅगेत तोच आधी जातो म्हणून सांगतो. जर्मनी-दुबईला न्या, चालेल. अमेरिकेला नेऊ नका. ७५० वॅटच्या मिक्सरला त्याच्या दुप्पट ताकदीचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि ११० व्होल्टचे भारतीय पद्धतीचे मिक्सर तिथेच मिळतात.

चौथा खर्च : फोन चालेल का

भारतात रोख घेतलेल्या फोनला बहुधा कंपनीचे कुलूप नसते, म्हणून तिकडचे सिम चालते. बघायचे ते एवढेच की फोन फक्त ३जीवर बोलणारा नसावा. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये बंद झाले. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये, टी-मोबाईलने त्याच जुलैत आणि व्हेरायझनने वर्षअखेरीस बंद केले. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले, आणि ४जीवरून आणीबाणीचा कॉल करू न शकणारे फोन तिथे नेटवर्कवरून काढूनच टाकतात. म्हणजे इंटरनेट चालते आहे, कॉल मात्र लागत नाही, अशी अवस्था येऊ शकते. स्वस्त फोन घेऊन अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला निघाला असाल तर त्या देशातल्या कंपनीच्या संकेतस्थळावर *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक टाकून आधी तपासा. त्याला पैसे पडत नाहीत.

जर्मनीत प्रीपेड सिम घ्यायलाही २०१७ पासून ओळखपत्राची पडताळणी लागते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. साधा प्रीपेड पॅक चार आठवड्यांना दहा युरोंच्या आसपास मिळतो. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात गेलात तरी २०१७ पासून रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत.

दुबईला जाणाऱ्याने घरच्यांना आधीच सांगून ठेवावे : अमिरातीत व्हॉट्सॲपचा निरोप जातो, पण व्हॉट्सॲप कॉल अडवला जातो. तिथे परवानगी असलेले बोटिमसारखे ॲप लागते. ते आबांच्या फोनवर निघण्याआधीच टाकून, एकदा लावून दाखवा. विमान उतरल्यावर "पोचलो" असा आवाज ऐकायला घर जागे असते.

व्हॉट्सॲपचा नंबर भारतीयच ठेवला तरी तिकडच्या इंटरनेटवर चालतो. सगळे नंबर +९१ लावून साठवा. घरी किंवा नंदुरबारच्या एखाद्या कार्यालयात लँडलाइनवर लावायचे असेल तर ०२५६४ मधला शून्य गाळून +९१ २५६४ असे फिरवा. शून्य ठेवला तर फोन लागत नाही आणि दोष उगाच नेटवर्कवर जातो. आणीबाणीचा नंबर मात्र जर्मनीला जाणाऱ्याला नव्याने पाठ करावा लागत नाही : भारतात ११२, युरोपातही ११२. अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००.

विमान आणि कस्टम

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, चेक-इन बॅगेत कधीच नाहीत. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, म्हणून चालते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणे बंद केले आणि प्रवाशाला एकच नेऊ दिली आहे. आकडा न छापलेली, रस्त्यावर घेतलेली पॉवर बँक तपासणीत काढून ठेवतात.

नवा कोरा महागडा लॅपटॉप किंवा कॅमेरा नेत असाल तर भारतातल्या विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतताना तो तुम्ही परदेशात घेतला नाही हे त्यावरून सिद्ध होते. त्यासाठी वस्तू हातातल्या बॅगेत आणि बिल जवळ हवे.

परतताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, आणि ती सवलत इतर सामानाच्या सवलतीपासून वेगळी असते. दुसऱ्या लॅपटॉपचे किंवा चार फोनांचे मात्र विचारून घ्या. आणि सॅटेलाइट फोन विनापरवाना भारतात आणू नका, त्यात अटकही होते.

आबांसाठी फोन आणताना तीन प्रश्न विचारा. कुलूप आहे का? अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन कंपनीशी बांधलेला असतो. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायला बंदी आहे. आपले बँड आहेत का? ४जीसाठी ३, ५ आणि ४०, तर ५जीसाठी एन२८ आणि एन७८. आणि चोरीचा तर नाही? जुना फोन घेताना आयएमईआय क्रमांक केवायएम या इंग्रजी अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर एसएमएस केला की त्याची नोंद कळते.

एकूण हिशेब

जर्मनीला निघालेल्या एका मुलाचा, पहिल्या वर्षाचा अंदाज :

दोन ॲडाप्टर – ५०० रुपये
लॅपटॉपची जर्मन प्लगची वायर – ३०० रुपये
स्वतःचा भारतीय नंबर वर्षभर – १,८४९ रुपये
घरच्यांच्या नव्या सिमचा वर्षभराचा पॅक – १,८४९ रुपये
घरच्यांसाठी बटणफोन – १,५०० रुपये
दोन आधारमधला नंबर बदल – १५० रुपये

एकूण ६,१४८ रुपये. यातले परदेशी उपकरणांसाठीचे फक्त ८००. उरलेले ५,३४८ इथल्याच नंबरांसाठी. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार मिळतात, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. एक हप्ता ओटीपीअभावी अडकला तरी यातला तिसरा हिस्सा तिथेच गेला.

कामांचा क्रम असा ठेवा. दोन महिने आधी : नंबरांची यादी, घरच्यांचे सिम, आधारमधला बदल. एक महिना आधी : बँका, गॅस, वीज, योजनांची पोर्टले. पंधरा दिवस आधी : पोस्टपेडचे प्रीपेड, ई-सिमचा निर्णय, वर्षाचा पॅक, रोमिंग. आठवडाभर आधी : लेबले वाचणे, वायर, ॲडाप्टर, राउटर परत. शेवटच्या दिवसासाठी काहीच ठेवू नका.

आणि निघायच्या आधी एकदा परीक्षा घ्या. तुमचा फोन बंद करून खिशात ठेवा आणि आबांना एकट्याला सेवा केंद्रात पाठवा. त्यांनी त्यांच्या बटणफोनवरचा ओटीपी स्वतः वाचून काम उरकून आणले, की बॅग भरायला घ्या.